बहात्तर हजारांची वायर आणि घराचं अर्थिंग

मी भिलाईहून बोलतोय, छत्तीसगडमधून. इथल्या नेहरू नगरमध्ये माझं घर आहे. महाराष्ट्रातल्या मंडळींना भिलाई म्हटलं की पोलाद कारखाना आठवतो, आणि ते बरोबरच आहे. सोव्हिएत रशियाच्या मदतीने उभा राहिलेला हा कारखाना १९५९ साली सुरू झाला, आणि त्याच्यामागे देशभरातून माणसं इथे आली. त्यात विदर्भातली मराठी कुटुंबंही होती. माझे वडील त्यातलेच. पुढे मीही त्याच कारखान्यात लागलो, वीज विभागात. तीस वर्षांहून जास्त काळ मोटारी, पॅनल आणि केबल यांच्यात काढला आणि निवृत्त झालो.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की आज जी फजिती सांगणार आहे ती अडाणी माणसाची नाही. केबल हाच ज्याचा धंदा होता, त्या माणसाची आहे. विषय आहे ऑडिओ सिस्टिमची महागडी पॉवर केबल. अँप्लिफायरपासून भिंतीवरच्या सॉकेटपर्यंत जी वायर जाते, ती. साधी वायर दोन-तीनशे रुपयांना मिळते. तीच वायर जाड, विणलेलं आवरण, सोनेरी पिना, लाकडी डबा अशा थाटात वीस हजारांपासून काही लाखांपर्यंत मिळते. प्रश्न असा, की एवढे पैसे टाकल्यावर गाणं चांगलं ऐकू येतं का?

मी बहात्तर हजार टाकले. दीड मीटर वायरीचे.

आता हे कसं घडलं ते सांगतो. मला गाण्याचा नाद वडिलांकडून आला. घरी रेकॉर्ड प्लेअर होता, वसंतराव देशपांडे, कुमार गंधर्व, किशोरीताई यांच्या तबकड्या होत्या. निवृत्तीनंतर हौस म्हणून चांगला अँप्लिफायर आणि स्पीकरची जोडी घेतली. सगळं छान होतं, फक्त एक गोष्ट खटकायची. आलाप संपून क्षणभर शांतता झाली, की मागे एक बारीक गुणगुण ऐकू यायची. तंबोरा चालू असला की ती त्यात लपते. पण शांततेत लपत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ही गुणगुण ५० किंवा १०० हर्ट्झची असते. खर्जातला एक बेसूर तंबोराच म्हणा, जो कुठल्याच गायकाच्या पट्टीत लागत नाही.

एका मोठ्या शहरात गेलो असताना तिथल्या दुकानात हे बोललो. दुकानदार चांगला माणूस होता, चहा पाजला, तासभर गाणी ऐकवली. म्हणाला, तुमची वीज घाण आहे साहेब, आणि ही घाण शेवटच्या दीड मीटरमध्ये थांबवता येते. मी केबल हातात घेतली. वजनदार, देखणी. तीस वर्षं मी अंगठ्यापेक्षा जाड केबली चिखलातून ओढल्या, पण एवढी सुंदर केबल कधी पाहिली नव्हती. घेतली. घरी बायकोला किंमत सात हजार सांगितली. एक शून्य गिळलं आणि दोन हजार पोटात ठेवले.

घरी लावली आणि ऐकलं. मंडळी, खोटं नाही सांगत, फरक जाणवला. गुणगुण पूर्ण गेली नव्हती, पण कमी वाटली. तानेचे दाणे सुटे सुटे ऐकू आले. मी दोन तास उठलो नाही.

इथे थांबून आधी हिशेब करू. हा हिशेब मला केबल घ्यायच्या आधी करायला हवा होता. कारखान्यात रोज करायचो.

साधी वायर घ्या, तांब्याची, पाऊण चौरस मिलिमीटर जाडीची. संगणकाला असते ती. तिचा रोध किलोमीटरला साधारण २६ ओहम. दीड मीटर जायला आणि दीड मीटर यायला, असे तीन मीटर धरले की होतो ०.०७८ ओहम. आता महागडी केबल चार चौरस मिलिमीटरची धरू. तिचा रोध किलोमीटरला पाच ओहमच्या आसपास, तीन मीटरला ०.०१५. दोघींतला फरक आहे ०.०६३ ओहम.

घरात आपण ऐकतो तेव्हा अँप्लिफायर साधारण अर्धा अँपिअर घेतो. म्हणजे दोन्ही वायरींतला फरक किती व्होल्टचा? ०.०३ व्होल्टचा. २३० व्होल्टमधले ०.०३. कुणी म्हणेल, अँप्लिफायर वीज सलग घेत नाही, झटक्याझटक्याने घेतो. बरोबर आहे, तसंच आहे. झटक्याच्या टोकाला पाच अँपिअर धरा. तरी फरक जातो ०.३ व्होल्टपर्यंत. आणि तुमच्या घरातलं व्होल्टेज? शेजाऱ्याने पाण्याची मोटर लावली की याच्या कितीतरी पट खाली येतं. दुपारी सगळ्यांचे एसी सुरू झाले की आणखी खाली. अँप्लिफायर हे सगळं दिवसभर सोसतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

का लागत नाही? कारण भिंतीतली वीज स्पीकरपर्यंत जातच नाही. आत आधी ट्रान्सफॉर्मर असतो, तो व्होल्टेज खाली आणतो. मग रेक्टिफायर एसीचं डीसी करतो. मग डब्याएवढाले कपॅसिटर ते साठवून ठेवतात. आपल्या घरात नळ कधी जोरात येतो, कधी बारीक येतो, पण गच्चीवर टाकी असली तर बाथरूममध्ये धार सारखीच पडते ना? कपॅसिटर म्हणजे ती टाकी. गाणं टाकीवर चालतं, नळावर नाही. नळाला सोन्याची तोटी लावून शॉवरची धार बदलत नाही.

दुसरा मुद्दा त्या शेवटच्या दीड मीटरचा. आमची वीज बरीचशी कोळशाची. कोरबा इथून सुमारे दोनशे किलोमीटर. पण नेमकी तिथलीच वीज माझ्या घरी येते असंही नाही, कारण २०१३ च्या शेवटापासून सगळ्या देशाचं ग्रीड एकत्र जोडलेलं आहे. ती चारशे केव्हीच्या तारांतून येते, २२०, १३२, ३३, ११ असे टप्पे उतरते, गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर येते, खांबावरून अॅल्युमिनियमच्या वायरीने मीटरपर्यंत आणि मग भिंतीतल्या वायरीने सॉकेटपर्यंत. माझ्या घरात मीटरपासून दिवाणखान्यातल्या सॉकेटपर्यंत वीसेक मीटर वायर आहे, अडीच चौरस मिलिमीटरची. जाऊन येऊन तिचाच रोध ०.३ ओहम. आणि अँप्लिफायरच्या आत जो फ्यूज आहे, त्यातली तार केसाएवढी बारीक. शेकडो किलोमीटर कच्चा रस्ता, मग दीड मीटर संगमरवर, आणि मग पुन्हा केसाएवढी पायवाट. संगमरवरामुळे प्रवास सुखाचा झाला असं म्हणायचं का?

विकणारे यावर म्हणतात, ही केबल शेवटचा दीड मीटर नाही, अँप्लिफायरच्या बाजूने पहिला दीड मीटर आहे. ऐकायला छान वाटतं. पण साखळीची कडी कुठूनही मोजली तरी वीज सगळ्याच कड्यांतून जाते.

बरं, घाणीचं काय? विजेत घाण असते, हे मी नाकारत नाही. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, सगळे आपापला खरखराट लाइनीत सोडतात. पण हा खरखराट तांब्यातूनच येतो. तांबं जितकं चांगलं, तितकी त्यालाही वाट मोकळी. केबल काही दारावरचा गुरखा नाही, चोर आणि साव ओळखायला. तिच्यावरची जाळी बाहेरून, हवेतून येणारा उपद्रव थोडा अडवते, आतून येणारा नाही. आतला अडवायला फिल्टर लागतो, आणि चांगल्या अँप्लिफायरमध्ये तो आधीच असतो.

शुद्ध तांब्याची गोष्टही ऐका. विजेच्या वायरीचं साधं तांबंसुद्धा ९९.९ टक्के शुद्ध असतं. त्याहून शुद्ध केलं तर वाहकता टक्का-दीड टक्क्याने वाढते, म्हणजे वायर दोन सेंटिमीटर आखूड केली तरी तेवढाच फायदा. काही पॉवर केबलींवर दिशेचा बाण छापलेला असतो. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलतो. बाण बघून तो थांबणार आहे का?

तर हिशेब असा सरळ होता. मग मला फरक ऐकू कसा आला?

यावर मी पुष्कळ वाचलं. २००४ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या हौशी मंडळींनी नेमकी हीच परीक्षा घेतली. पॉवर केबलींची. एक महागडी, एक साधी, आणि ऐकणाऱ्यांना दिसू द्यायचं नाही की आत्ता कुठली लागली आहे. त्यातल्या बऱ्याच जणांना खात्री होती की आपण ओळखू. एकूण १४९ उत्तरं आली, त्यात बरोबर ७३. म्हणजे ४९ टक्के. नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती.

ही माणसं खोटारडी होती का? अजिबात नाही. आपण कानांनी ऐकतो असं आपल्याला वाटतं, पण ऐकण्यात डोळे, किंमत, अपेक्षा सगळं मिसळतं. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी स्पीकरवर हा प्रयोग मांडला. तेच स्पीकर पडद्याआड ऐकवले आणि मग डोळ्यांसमोर ठेवून ऐकवले. दिसू लागल्यावर लोकांचे गुण बदलले. २००८ साली कॅलिफोर्नियात एकच वाइन लोकांना वेगवेगळी किंमत सांगून चाखायला दिली. महाग म्हणून दिलेली जास्त आवडली, आणि मेंदूच्या चित्रणातही आनंदाशी निगडित भाग जास्त उजळला. म्हणजे आनंद खरा होता. तो बाटलीतून आलेला नव्हता, एवढंच.

आणखी एक साधं कारण आहे. नवी केबल लावताना आपण काय काय करतो ते बघा. मी त्या दिवशी सगळी मांडणी पुढे ओढली, धूळ झाडली, प्रत्येक पिन काढून पुसून पुन्हा घट्ट बसवली, आवडती तबकडी लावली, आवाज थोडा वाढवला, फोन बंद केला, दार लावलं. एवढं करून ऐकलं तर साधी वायर असली तरी गाणं वेगळंच लागेल.

हे सगळं मला तेव्हा सुचलं नाही. सुचायचं कारण माझी बायको.

पावसाळा होता. एक दिवस ती म्हणाली, "अहो, वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात." मी म्हणालो, "चप्पल घालून लाव, ओलावा असतो." आठ दिवसांनी पुन्हा तेच. मी पुन्हा तेच उत्तर दिलं. तिसऱ्यांदा ती काही बोललीच नाही, सरळ दिवाणखान्यात आली. मी डोळे मिटून ऐकत बसलो होतो. म्हणाली, "सात हजारांच्या वायरीतून एवढं बारीक ऐकू येतं तुम्हाला, आणि मी चार हातांवरून बोलते ते ऐकू येत नाही?"

मग मी खरी किंमत सांगितली. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मग ओळखून दाखवा."

रविवारी परीक्षा झाली. रीत अशी. अँप्लिफायरच्या मागचा भाग चादरीने झाकला. मी शेजारच्या खोलीत जायचं. ती नाणं उडवणार, छापा आला तर महागडी लावणार, काटा आला तर साधी. दर वेळी स्विच बंद करून, प्लग काढून. काटा असो की छापा, वायर काढून पुन्हा लावायचीच, म्हणजे किती वेळ लागला यावरून मला अंदाज येऊ नये. आवाजाच्या बटणाला हात लावायचा नाही. तीच तबकडी, तोच तुकडा. मी येऊन ऐकणार आणि कागदावर लिहिणार. सोळा वेळा. आणि आधीच ठरवून ठेवलं, की बारा किंवा जास्त बरोबर आले तर मी जिंकलो. कारण नुसत्या अंदाजाने सोळापैकी बारा बरोबर येण्याची शक्यता शंभरात चारपेक्षाही कमी असते.

यात उणीव होती, तीही सांगतो. वायर बदलायला मिनिटभर जातो आणि तेवढ्यात कानातला आवाज फिका होतो. बारीक फरक असेल तर तो निसटू शकतो. पण मी काय म्हणत होतो? दुसऱ्या खोलीतूनही ओळखीन असं म्हणत होतो.

सोळापैकी सात बरोबर आले.

मी कागदाकडे बघत बसलो. तिने दुसरं काही म्हटलं नाही. फक्त म्हणाली, "आता मशीन बघता का?"

मीटर घेऊन बघितलं. सॉकेटमध्ये अर्थ आणि न्यूट्रल यांच्यात नीट घरात एखाद-दोन व्होल्ट असावेत. माझ्या घरात अठरा होते. मागच्या अंगणात गेलो, अर्थिंगचा खड्डा उघडला. पट्टी मातीतून वर येते तिथे गंजून कागदासारखी झाली होती. हाताने हलवली तर तुटली. घराचं अर्थिंग जवळजवळ नव्हतंच. किती वर्षं, कोण जाणे.

याचा अर्थ समजावून सांगतो. वॉशिंग मशीन, फ्रिज, संगणक, या सगळ्यांच्या आत फिल्टर असतात आणि त्यांतून किंचितसा करंट धातूच्या खोक्यावर झिरपतो. अर्थिंग असेल तर तो मुकाट्याने जमिनीत जातो. नसेल तर खोक्यावर साठून राहतो आणि आपण हात लावला की आपल्यातून जातो. त्या झिणझिण्या. एवढ्याने माणूस मरत नाही. पण उद्या आतली एखादी वायर सोलून खोक्याला लागली असती, तर पूर्ण २३० व्होल्ट तिच्या ओल्या हातातून गेले असते. फ्यूज उडाला नसता, कारण करंटला जायला जमीनच नव्हती. आणि माझ्या मेनबोर्डवर आरसीसीबीही नव्हता. तीस मिलिअँपिअर इकडेतिकडे झाले की क्षणात वीज तोडणारं हे यंत्र. मी दुसऱ्यांना लावा लावा सांगत आलो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

आता गंमत बघा. घरातला हा झिरपणारा करंट जमिनीत जाऊ शकत नव्हता, मग जात कुठे होता? माझ्या अँप्लिफायरला टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स जोडलेला होता, आणि बॉक्सला बाहेरून येणारी केबलवाल्याची वायर. त्या वायरीची जाळी दूर कुठेतरी जमिनीला लागलेली. सगळ्या घराचा चुकार करंट माझ्या अँप्लिफायरच्या सिग्नल वायरीवरून त्या जाळीकडे पळत होता. ती गुणगुण त्याची होती. केबलवाल्याची वायर नुसती उपसली आणि गुणगुण गप्प झाली. शून्य रुपयांत.

याला ग्राउंड लूप म्हणतात. जमिनीला जायला दोन वाटा झाल्या की होतो. पॉवर केबल बहात्तर हजारांची असो की बहात्तर लाखांची, तिचा याच्याशी संबंध नाही. आणि एक कळकळीने सांगतो. गुणगुण घालवायला काही लोक प्लगची जाडी पिन, म्हणजे अर्थची पिन, काढून टाकतात. गुणगुण जातेही. पण तुम्ही अँप्लिफायरच्या धातूच्या खोक्याला जमिनीपासून तोडलेलं असतं. असं कधीही करू नका.

दुसऱ्या आठवड्यात नवं अर्थिंग केलं, मेनबोर्डवर आरसीसीबी बसवला, दिवाणखान्यातलं सैल सॉकेट बदलून सोळा अँपिअरचं लावलं, आणि टीव्ही व अँप्लिफायर एकाच बोर्डवर घेतले. सगळा खर्च पंधरा हजारांच्या आत. आता स्पीकरला कान लावला तरच काय ती किंचित सरसर ऐकू येते. मशीनला हात लावला की काही होत नाही. तिने दोन दिवस चाचपून पाहिलं, मग चप्पल सोडली.

राहिली ती केबल. ती विकायची ठरवली. ओळखीतून रायपूरचा एक मुलगा आला. नोकरीचं पहिलं वर्ष, गाण्याचा वेडा. निम्म्या किमतीला घ्यायला तयार होता, पैसे घेऊनच आला होता. केबल हातात घेऊन त्याने तसंच बघितलं, जसं मी दुकानात बघितलं होतं. मग विचारलं, "काका, फरक पडतो ना?"

मंडळी, हा प्रश्न फार अवघड होता. छत्तीस हजार माझ्यासमोर टेबलावर होते. आणि मी खोटंही बोलणार नव्हतो, कारण मला खरंच फरक जाणवला होता, पहिल्या दिवशी. "मला तर जाणवला बाबा" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. दुकानदारही मला खोटं बोलला नसेल. त्यालाही जाणवत असेल. ही वायर अशीच एका प्रामाणिक माणसाकडून दुसऱ्या प्रामाणिक माणसाकडे जाते, आणि दर वेळी कुणाचातरी पगार घेऊन जाते.

मी त्याला चादर, नाणं आणि कागद दिला. म्हणालो, आधी सोळा वेळा ऐक, मग ठरव. त्याने दहा वेळा ऐकलं, पाच बरोबर आले, आणि तो हसायला लागला. म्हणाला, "मग तुम्ही का घेतली, काका?" मी म्हणालो, "मला हवी होती म्हणून." दुसरं खरं उत्तर नव्हतं.

जाताना त्याने माझं अर्थिंग बघितलं, फोटो काढले. पुढच्या आठवड्यात फोन आला. भाड्याच्या घरात वायरमन बोलावून सॉकेट उघडलं, तर तिसऱ्या भोकाला मागे वायरच जोडलेली नव्हती. नुसतंच भोक होतं.

जगात माणसं यापुढेही जातात. जपानमध्ये एका वयस्कर रसिकाने फक्त आपल्या ऑडिओ सिस्टिमसाठी अंगणात विजेचा स्वतंत्र खांब उभारून घेतला, सुमारे दहा हजार डॉलर खर्चून. २०१६ साली वॉल स्ट्रीट जर्नलने ती बातमी दिली होती. मी त्याला हसत नाही. ज्याच्याकडे पैसे आहेत आणि ज्याला त्यात आनंद आहे, त्याने करावं. पैठणीने ऊब जास्त मिळते म्हणून कुणी पैठणी घेत नाही. केबल दागिना म्हणून घेतली तर माझी तक्रार नाही. औषध म्हणून घेऊ नका.

मग वायर कुठलीही चालते का? नाही. चार गोष्टी बघाच. एक, आयएसआय मार्क असलेली, तीन पिनांची, अँप्लिफायरला पुरेल अशा जाडीची हवी. पाऊण ते दीड चौरस मिलिमीटर घरच्या बहुतेक अँप्लिफायरना पुरते. दोन, पिन सॉकेटमध्ये घट्ट बसली पाहिजे. सैल पिन तापते, ठिणग्या टाकते, आणि तो खरखराट मात्र खरा ऐकू येतो. तीन, एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडू नका. चार, परदेशी महागड्या केबलींना पुष्कळदा अमेरिकन प्लग असतो. तो १२५ व्होल्टसाठी बनवलेला. तो अॅडॉप्टरमध्ये खुपसून आपल्या २३० व्होल्टला लावला, तर बऱ्याचदा अर्थ लागतच नाही. म्हणजे लाखाची केबल लावून तुम्ही दोनशेच्या वायरीपेक्षा जास्त धोका विकत घेता.

आणि पैसे टाकायचेच असतील तर क्रम सांगतो. आधी घराचं अर्थिंग आणि आरसीसीबी. हे लायसन्स असलेल्या वायरमनकडून, स्वतः नाही. उन्हाळ्यात माती कोरडी पडली की अर्थिंग कमकुवत होतं, म्हणून साधा कोळसा-मिठाचा खड्डा असेल तर त्यात पाणी ओतत जा, आमच्याकडच्या मे महिन्यात तर नक्कीच. मग स्पीकर. मग खोली. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे घ्या, समोर जाड सतरंजी टाका, मागे पुस्तकांचं कपाट ठेवा. यात जो फरक पडतो तो चादर टाकून सोळापैकी सोळा वेळा ओळखता येतो. मग चांगल्या तबकड्या. आणि हे सगळं झाल्यावरही पैसे उरले, तर कार्यक्रमाचं तिकीट काढा आणि समोर बसून गाणं ऐका. तिथे गायकाच्या आणि तुमच्या मध्ये फारशी वायर नसते.

ती केबल अजून माझ्याकडेच आहे. लाकडी डब्यात, कपाटात. कुणी विकत घ्यायला आलं की मी चादर काढतो, त्यामुळे ती विकली जात नाही. बायको म्हणते, बहात्तर हजारांत तुम्हाला माझं ऐकू यायला लागलं, तेवढं वसूल झालं असं समजा.

आज घरी गेल्यावर एवढंच करा. घरातलं कुणी "हात लावला की झिणझिण्या येतात" असं म्हणालं असेल, आणि तुम्ही चप्पल घाल म्हणाला असाल, तर आधी ते बघा. गाणं नंतर ऐका.